लांबच्या सागरी सफरीत समुद्र खवळतो, त्या दिवसाची तयारी

सिंगापूर, सिडनी किंवा साउथॅम्प्टनहून निघणाऱ्या दोन-तीन आठवड्यांच्या क्रूझवर आता कोल्हापुरातूनही कुटुंबे जाऊ लागली आहेत, आणि त्यांत निवृत्तीनंतर पहिल्यांदाच परदेशी निघालेली जोडपी बरीच असतात. व्हिसा, गरम कपडे, परकीय चलन, शाकाहारी जेवण यांची चौकशी ही मंडळी कसोशीने करतात. परंतु ज्या दिवशी जहाज पहाटेपासून रात्रीपर्यंत हलत राहणार असते, त्या दिवसाचा विचार करून निघणारे क्वचितच भेटतात. लांबच्या सफरीत असा एखादा तरी दिवस येणार, असे धरूनच चालावे. तो दिवस खिडकीशी बसून समुद्र पाहण्यात जातो की अंथरुणात कण्हत जातो, हे बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळीच ठरते, कारण बोट लागण्यावरची औषधे त्रास सुरू होण्यापूर्वी घेतली तरच नीट लागू पडतात. या लेखात सारा भर त्या आधीच्या तयारीवर दिला आहे.

मार्ग, महिना आणि केबिन

पहिला निर्णय आरक्षणाच्या वेळीच करावा लागतो. दक्षिण अमेरिकेचे टोक आणि अंटार्क्टिकाजवळील साउथ शेटलंड बेटे यांच्यामधील ड्रेक पॅसेज सुमारे ८०० किलोमीटर रुंद आहे, आणि त्या अक्षांशांवर वारा व लाटा यांना अडवणारी जमीन पृथ्वीच्या कोणत्याही बाजूला नसल्यामुळे तेथील समुद्र जगातील सर्वांत खवळलेल्या समुद्रांपैकी एक मानला जातो. हिवाळ्यातील उत्तर अटलांटिक, फ्रान्स व स्पेन यांच्या कुशीतील बिस्केचा उपसागर आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील टास्मन समुद्र हेही असेच नावाजलेले आहेत. आपला अरबी समुद्र जून ते सप्टेंबर या काळात कसा असतो, हे पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, यावरून आपल्याला ठाऊक आहेच. ऋतू बदलताना कंपन्या आपली जहाजे एका खंडाकडून दुसऱ्या खंडाकडे नेतात आणि त्या फेऱ्या पुष्कळदा स्वस्त असतात. मात्र त्यांत सलग अनेक दिवस उघड्या महासागरातच काढावे लागतात, हे पैसे भरण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

केबिनची जागा हा दुसरा निर्णय, आणि माझ्या मते तो बाल्कनीपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. जहाज मुख्यतः तीन प्रकारे हलते: दोन्ही बाजूंना कलते, पुढचे आणि मागचे टोक आळीपाळीने वर-खाली होते, आणि संपूर्ण जहाज लाटेबरोबर उचलले जाऊन खाली येते. बाजूंना कलणे कमी करण्यासाठी आधुनिक जहाजांना पाण्याखाली स्टॅबिलायझर नावाची पाती असतात; परंतु टोके वर-खाली होण्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून जहाजाच्या लांबीच्या मध्यावरची आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावरची केबिन सर्वांत कमी हलते, तर वरच्या मजल्यावरची, अगदी पुढच्या टोकाची, देखाव्यासाठी जास्त पैसे घेणारी केबिन सर्वांत जास्त हलते. घरात कोणाला गाडी लागत असेल, तर तेच पैसे मध्यावरच्या, खालच्या मजल्यावरच्या, खिडकी असलेल्या केबिनवर खर्च करावेत. समुद्र फार खवळला तर खालच्या खिडक्यांवर आतून लोखंडी झाकणे बसवतात. ती नेहमीची खबरदारी असते आणि त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही.

आपल्याला त्रास होईल का?

आपल्या आतल्या कानात तोल आणि हालचाल ओळखणारी यंत्रणा असते. केबिनमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे भिंत, पलंग आणि टेबल पाहून मेंदूला सांगतात की सर्व काही स्थिर आहे, आणि त्याच क्षणी कान सांगतो की शरीर वर-खाली होत आहे. या विसंगतीतून जांभया, तोंडाला पाणी सुटणे, गार घाम, फिकटपणा आणि मग मळमळ असा क्रम सुरू होतो. दोन ते बारा वर्षांची मुले, गरोदर स्त्रिया आणि अर्धशिशीचा त्रास असणारे यांना हा त्रास अधिक होतो. वय वाढत जाते तसा तो साधारणपणे कमी होतो, तरी ज्येष्ठांच्या बाबतीत पडण्याचा धोका त्याहून मोठा असतो आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

आंबा घाटातून रत्नागिरीला जाताना किंवा गगनबावड्याहून कोकणात उतरताना ज्यांना एसटीत पिशवी लागते, त्यांनी जहाजावरही त्रास होईल असे गृहीत धरावे. घाटात ज्यांना काहीच होत नाही, त्यांनी मात्र निर्धास्त राहू नये. एक हेलकावा पुरा व्हायला साधारण पाच सेकंद लागतील अशा संथ वर-खाली हालचालीने मळमळ सर्वांत जास्त होते, असे आढळले आहे, आणि महासागरातल्या मोठ्या जहाजाची चाल पुष्कळदा त्याच्या आसपासची असते. घाटातले वळण किंवा मालवणच्या होडीतला चटकन बसणारा हिसका ही वेगळीच गोष्ट आहे.

निघण्यापूर्वी

आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सफरीच्या किमान महिनाभर आधी भेटावे, आणि रोजच्या सर्व गोळ्यांची यादी बरोबर न्यावी. बोट लागू नये म्हणून प्रोमेथाझिन, मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, सिनारिझिन ही औषधे प्रचलित आहेत. आपल्याकडे लांबच्या प्रवासापूर्वी घेतली जाणारी अव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिनच होय. या साऱ्यांनी कमी-अधिक झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटची वाढ असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आणि प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील बाळाला देऊ नये. परदेशांत कानामागे चिकटवायची हायोसिनची पट्टी मिळते, जी तीन दिवस काम करते. परंतु तिने वृद्धांमध्ये गोंधळलेपणा येऊ शकतो, आणि पट्टीला लागलेले बोट डोळ्याला लागले तर बाहुली मोठी होऊन दिसणे धूसर होते, म्हणून ती हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

आपल्या घरांतून उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉनच्या गोळ्या सर्रास ठेवलेल्या असतात, आणि प्रवासाच्या पिशवीत त्याच टाकल्या जातात. अन्नविषबाधा किंवा केमोथेरपीनंतरच्या उलट्यांसाठी हे औषध उत्तम आहे. बोट लागण्यावर मात्र त्याचा उपयोग होत नाही. एवढी एक गोष्ट औषधाच्या दुकानात स्पष्ट सांगितली, तरी अनेकांचा दिवस वाचेल. डॉक्टरांनी जी गोळी ठरवून दिली असेल, ती घरी असतानाच एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहावी, म्हणजे आपल्याला किती झोप येते, तोंड किती कोरडे पडते आणि रात्री बाथरूमला जाताना तोल जातो का, हे आपल्याच घरात, ओळखीच्या जमिनीवर समजते.

आल्याने मळमळ थोडी कमी होते असे काही अभ्यासांत दिसले आहे. सुंठ आणि कोल्हापुरी गूळ यांच्या गोळ्या कोणाला मानवत असतील तर त्या औषधाच्या जोडीला घ्याव्यात, औषधाच्या जागी नव्हे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारावे. घरी केलेले खाद्यपदार्थ सर्वच जहाजांवर चालत नाहीत, त्यामुळे बंद पाकिटातला आलेपाक, साधी बिस्किटे, खाकरा, भाजके फुटाणे असे कोरडे पदार्थ न्यावेत, आणि ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडच्या बंदरात उतरताना बरोबरच्या खाद्यपदार्थांची नोंद न चुकता करावी, कारण तेथील तपासणी अत्यंत कडक असते. विजेची किटली, उदबत्ती, निरांजन आणि कापूर यांना आगीच्या भीतीने जहाजावर जवळजवळ सर्वत्र बंदी असते. गरम पाणी हवे असल्यास केबिनची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे मागावे, तो आनंदाने आणून देतो. ओआरएसची पाकिटे मात्र माणशी चार-पाच तरी बरोबर असावीत.

पायांतल्या वस्तूविषयी आग्रहाने सांगावेसे वाटते. कोल्हापुरी चप्पल परदेशात मिरवावी असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे, आणि बंदरावर फिरताना ती जरूर घालावी. पण तिचा चामडी तळ ओल्या डेकवर आणि गुळगुळीत जिन्यावर सरकतो. जहाजावर मागून बंद असलेले, रबरी तळाचे बूटच हवेत. खवळलेल्या दिवशी जिन्यावर साडीचा घोळ पायात येतो, म्हणून काकूंनी आणि आजींनी त्या एका दिवसापुरता पंजाबी ड्रेस घालावा.

आदली संध्याकाळ

हवामान बिघडणार असेल तर कॅप्टन बहुधा दुपारी किंवा संध्याकाळी ध्वनिक्षेपकावरून तसे सांगतो, आणि केबिनच्या टीव्हीवर वाऱ्याचा वेग व लाटांची उंची दिसत राहते. वाऱ्यासाठी ब्यूफोर्ट श्रेणी वापरतात. ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी ती १८०५ मध्ये आखली. तिच्यातील सहा म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर वारा आणि उघड्या समुद्रात सुमारे तीन मीटरच्या लाटा. आठ म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटर वारा आणि साडेपाच मीटरच्या आसपासच्या लाटा. अंदाजात सांगितलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच येऊ शकते. सहाचा अंदाज ऐकला की तयारीला लागावे. वारा अगदी शांत असतानाही दूरच्या वादळातून निघालेल्या लांबलचक लाटा जहाज हलवू शकतात, म्हणून निरभ्र आकाशावर विसंबून राहू नये.

डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी रात्री झोपण्यापूर्वी घ्यावी. जेवण हलके आणि नेहमीपेक्षा लवकर करावे, मद्य घेऊ नये, कारण गोळीबरोबर त्याची झोप दुप्पट होते. मग केबिन आवरायला घ्यावी. ग्लास, औषधाच्या बाटल्या, मोबाइल आणि चार्जर टेबलावरून काढून खणात ठेवावेत. कवळी आणि चष्मा उशाशी पण डब्यात बंद असावेत. बॅगा आडव्या करून पलंगाखाली सरकवाव्यात. कपाटातले रिकामे हँगर एकत्र करून मोज्याने बांधावेत, नाहीतर प्रत्येक हेलकाव्याला ते एकमेकांवर आपटतात आणि रात्रभर झोप लागत नाही. बाल्कनी असल्यास तिथली खुर्ची आत घेऊन दाराची खिटी लावावी. बिस्किटाचे पाकीट, पाण्याची बंद बाटली आणि दोन-तीन कागदी पिशव्या अंथरुणातून हात पोहोचेल अशा ठिकाणी ठेवाव्यात. या पिशव्या कर्मचाऱ्यांकडे मागितल्या की मिळतात.

तो दिवस

सकाळी उठण्यापूर्वी पडल्या पडल्या एक-दोन कोरडी बिस्किटे खावीत, कारण पूर्ण रिकामे पोटही मळमळ वाढवते. मग पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसून जहाजाची चाल समजून घ्यावी आणि त्यानंतर उभे राहावे. बाथरूमच्या दाराला उंच उंबरा असतो. अर्धवट झोपेत त्याला अडखळून पडणारे पुष्कळ असतात. त्या दिवशी अंघोळ सोडून दिली तरी चालेल, ओल्या टॉवेलने अंग पुसून घ्यावे.

बाहेर पडल्यावर त्या दिवसाच्या खुणा सर्वत्र दिसतात. लिफ्टजवळच्या कठड्यांना उलटीच्या पिशव्या ओळीने खोचलेल्या असतात, पोहण्याच्या तलावातले पाणी काढून त्यावर जाळी बांधलेली असते, आणि बाहेरच्या डेककडे जाणाऱ्या दारांना दोऱ्या लावलेल्या असतात. भिंतींचे तक्ते करकरतात. मधूनच पुढचे टोक लाटेवर आपटून धडाम असा आवाज होतो आणि सगळे जहाज क्षणभर थरथरते. पोलादी जहाज थोडे लवचिक राहील असेच बांधलेले असते, आणि तो थरथराट त्या लवचिकपणातूनच येतो. घरातील ज्येष्ठांना हे आदल्या दिवशीच समजावून सांगितले, तर पहिल्या धक्क्याला त्यांच्या छातीत धस्स होत नाही. बहुधा कॅप्टन अशा वेळी वेग कमी करतो आणि लाटा जहाजाच्या बाजूवर न येता पुढून येतील अशी दिशा धरतो.

चालताना पाय थोडे फाकवून, गुडघे किंचित सैल ठेवून, लहान पावले टाकावीत आणि एक हात सदैव कठड्यावर असावा, म्हणजेच हातात चहाचा कप आणि पिशवी दोन्ही घेऊन निघू नये. जहाज वर उचलले जात असताना पाय जड होतात आणि खाली येताना हलके होतात. जिन्याची पायरी त्या दोहोंच्या मधल्या क्षणी चढावी. दार उघडताना बोटे कधीही चौकटीवर ठेवू नयेत. वाऱ्याच्या आणि हेलकाव्याच्या जोराने मिटणारे जड दार बोट चिरडते, आणि खवळलेल्या दिवशी जहाजाच्या दवाखान्यात येणाऱ्या दुखापतींत पडणे आणि बोटे सापडणे हेच अधिक असते. सत्तरीच्या पुढच्या माणसाचे खुब्याचे हाड महासागराच्या मध्यावर मोडले, तर जवळचे मोठे रुग्णालय काही दिवसांच्या अंतरावर असू शकते. म्हणून ज्येष्ठांनी त्या दिवशी एकट्याने फिरू नये, एवढा नियम कुटुंबाने घालूनच घ्यावा.

बसायला जागा शोधावी ती जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यांपैकी एखाद्या दालनात, मोठ्या खिडकीजवळ, तोंड जहाज ज्या दिशेने जात आहे तिकडे करून. नाट्यगृह बहुतेक जहाजांत अगदी पुढे असते आणि तिथे सर्वांत जास्त हलते, त्यामुळे त्या दिवसाचा कार्यक्रम सोडून द्यावा. नजर क्षितिजावर ठेवावी. समुद्र आणि आकाश जिथे मिळतात ती रेषा खरोखर स्थिर असते, आणि ती दिसू लागली की डोळे व कान यांचे म्हणणे पुन्हा जुळते. मोबाइलवर वाचणे, पत्ते खेळणे, विणकाम करणे हे सारे नजर खाली नेणारे उद्योग टाळावेत. क्षितिज पाहणे शक्य नसेल तर डोळे मिटून उताणे पडावे आणि डोके उशीत स्थिर ठेवावे. अर्धवट उठून टीव्ही पाहणे सर्वांत वाईट.

खाण्याच्या बाबतीत आपल्याला मुरड घालणे अवघड जाते, हे मी जाणतो. तांबड्या रश्श्याची आठवण होईल असे झणझणीत, तेलकट काही त्या दिवशी ताटात घेऊ नये, आणि दूध, चीज, तळण यांपासूनही दूर राहावे. भात आणि किंचित मीठ, भाजलेला पाव, उकडलेला बटाटा, सफरचंद, बिस्किटे हे दर दोन तासांनी थोडे थोडे खावे, आणि पाणी एका वेळी घोट-दोन घोटच घ्यावे.

उलट्या सुरू झाल्यास

गोळी पोटात टिकत नसेल तर पुन्हा पुन्हा गोळ्या देत बसू नये. जहाजावर दवाखाना असतो आणि तिथे अशा वेळी इंजेक्शन देतात, ज्याने बहुतेकांना काही तासांत आराम पडतो. त्याचे शुल्क परकीय चलनात लागते, म्हणून प्रवास विम्यात सागरी सफरीचा समावेश आहे ना, हे कोल्हापुरातच पाहून ठेवावे आणि पावती जपावी. ओआरएसचे एक पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, बहुधा एक लिटरमध्ये, विरघळवून चमच्या-चमच्याने देत राहावे. ते नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. येथे चमचा म्हणजे चहाचा.

मधुमेहींची काळजी वेगळी घ्यावी लागते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेतली आणि अन्न पोटात राहिले नाही, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. उलट, डोस सरसकट बंद करणेही बरोबर नाही. ‘जेवण गेले नाही तर काय करायचे’ हे आपल्या डॉक्टरांकडून निघण्यापूर्वी लिहूनच घ्यावे आणि साखर मोजण्याचे यंत्र हातातल्या बॅगेत ठेवावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनीही हाच प्रश्न विचारावा.

उलटीबरोबर जुलाब किंवा ताप असेल, तर ती बोट लागणे नसून नोरोव्हायरससारखा संसर्ग असण्याची शक्यता धरावी. असा संसर्ग जहाजावर झपाट्याने पसरतो, तेव्हा लपवून न ठेवता दवाखान्याला फोन करावा आणि कर्मचारी सांगतील तितका वेळ केबिनमध्येच राहावे. हात साबण-पाण्याने धुवावेत. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसा पडत नाही. उलटीत रक्त, छातीत दुखणे, असंबद्ध बोलणे किंवा सात-आठ तास लघवीच न होणे यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब लावू नये.

सात आखूड आणि एक लांब भोंगा ऐकू आला, तर तो सर्वसाधारण आणीबाणीचा इशारा असतो. सफरीच्या सुरुवातीला होणारी सुरक्षा कवायत सक्तीची असते. तिच्यात आपली जमण्याची जागा नीट पाहून ठेवावी आणि घरातल्या प्रत्येकाकडून ती तोंडी वदवून घ्यावी. बाकीचे आवाज, हेलकावे आणि थरथराट यांसाठी जागेवरून उठण्याची गरज नाही.

बंदर चुकल्यास, आणि नंतर

खवळलेल्या समुद्रामुळे कॅप्टन एखादे बंदर वगळू शकतो, आणि प्रवासाच्या करारात त्याला तो अधिकार दिलेला असतो. अशा वेळी जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे सहसा परत मिळतात आणि बंदरशुल्कही पुष्कळदा खात्यात जमा होते, मात्र बाहेरून स्वतः ठरवलेली गाडी किंवा वाटाड्या यांचे पैसे बुडण्याची शक्यता असते. ज्या बंदरापर्यंत छोट्या बोटीने न्यावे लागते, तिथे हा धोका जास्त. तेथील सहल जहाजाकडूनच घ्यावी.

बहुतेकांचे शरीर दोन-तीन दिवसांत जहाजाच्या चालीला सरावते, म्हणून पहिल्या वाईट दिवसावरून उरलेल्या सफरीचा अंदाज बांधू नये. जमिनीवर उतरल्यावर काही तास, कधी दोन दिवसही, पायाखालची फरशी डोलते आहे असे वाटते आणि ते आपोआप जाते. महिनाभरानंतरही तसे वाटत राहिल्यास कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. मुंबई किंवा पुण्याच्या विमानतळावर गाडी ठेवून गेला असाल, तर ते डोलणे थांबेपर्यंत आणि झोप आणणारी शेवटची गोळी घेऊन पूर्ण दिवस उलटेपर्यंत कोल्हापूरपर्यंत स्वतः गाडी चालवत येऊ नये. महालक्ष्मी एक्सप्रेसचे आरक्षण किंवा चालकाची सोय निघण्यापूर्वीच करून ठेवावी.